आधी ओरडेल तो हरला

त्या बाईला आम्ही हळूबाई म्हणायचो. नाव मी ठेवलं नाही, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बसचालकानं ठेवलं. पहिल्याच शनिवारी ते ऐकलं आणि तिचं खरं नाव लक्षात ठेवायची गरज उरली नाही. ती पालकांचा वर्ग घ्यायची. व्यायामशाळेच्या वर एक लांबट खोली होती, तिथं. खाली माणसं वजनं आपटायची, आणि वर ही आम्हाला सांगायची की मुलाशी बोलताना आपला आवाज नेहमी मुलाच्या आवाजाच्या खाली ठेवायचा.

मी पत्र्याचं काम करतो. मोठ्या इमारतींत हवा खेळवायला छताजवळून पत्र्याचे चौकोनी बोगदे नेतात, ते आम्ही बनवतो. पत्रा कापायचा, वाकवायचा, ठोकायचा. कारखान्यात हळू बोलून उपयोग नसतो. तोच आवाज घरी येतो. बायकोचाही आवाज मोठा होता. माझ्याशी बोलून बोलून झाला असं ती म्हणायची, पण ती तो माहेराहूनच घेऊन आली होती. आणि पोरगी झाली ती आम्हा दोघांच्या वरची. तिला दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले, सगळं ठीक आहे ना म्हणून. बायकोनं तिचं नाव भोंगा ठेवलं. खरं नाव फक्त शाळेत.

बायको गेल्या हिवाळ्यात गेली. ताप आला, छातीत उतरला, दवाखान्यात नेली, घशात नळी घातली, आणि ती परत आली नाही. त्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहायचं नाही.

त्यानंतर भोंगा वस्तू फेकायला लागली. घरी ताटं, पेले, माझे बूट. शाळेत पाण्याची बाटली, दुसऱ्यांची दप्तरं, एकदा बाईंची खुर्ची. मी घरी ओरडायचो, "अगं ए! डोकं फिरलंय का तुझं?" मग ती थोडा वेळ गप्प बसायची, जवळ येऊन टेकायची सुद्धा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी तिनं वर्गातल्या एका मुलाचा कान चावला, तेव्हा शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडेच आल्या होत्या. त्या न बोलावता सोबत आल्या.

"तिला राग येतो," मी म्हणालो. "आई नाही तिला."

"आई नसलेली आणखीही मुलं आहेत आमच्याकडे," मोठ्या बाई म्हणाल्या. "ती कान चावत नाहीत."

"हे दिवसभर ठोकत असतात," सासूबाई त्यांना म्हणाल्या, मी तिथं नसल्यासारखं. "पोरीकडे बघणार कोण? मी तर म्हणतेय, मी नेते तिला. आमच्या गावातली शाळा चांगली आहे."

"तुम्हाला कोणी विचारलं?" मी म्हणालो.

"बघितलंत?" सासूबाई मोठ्या बाईंना म्हणाल्या. "हा आवाज. पोर काय शिकणार?"

मोठ्या बाईंनी मधला मार्ग काढला. पालकांचा एक वर्ग चालतो, त्याचा मुलांच्या स्वभावावर फार चांगला परिणाम होतो, वडिलांनी तो पूर्ण करावा. पोरगी सुधारली तर ती या शाळेत राहील. नाही सुधारली तर शाळा ठेवणार नाही. दुसरी कुठली शाळा मधेच घेत नव्हती, ते मी चौकशी करून आलो होतो. म्हणजे मग ती सासूबाईंकडे जाणार. त्यांचं गाव रात्रभराच्या प्रवासावर आहे.

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "शेवटच्या शनिवारी मुलांना घेऊन बोलावतात म्हणे. मी येईन त्या दिवशी. येताना तिच्या कपड्यांसाठी रिकामी बॅग घेऊन येईन, जावईबापू. भरायची की नाही ते तिथं ठरवू."

जावईबापू हा शब्द त्या असा म्हणायच्या की चपलेतला खडा काढून समोर ठेवल्यासारखं वाटावं.

इथं आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही नवराबायको मोठ्यानं भांडलो तर ते भांडण नव्हे, ते रोजचं बोलणं. खरं भांडण झालं की घरातला आवाज खाली यायचा. तो आमचा अबोला. अगदी तोंड बंद नसायचं, घर चालवायला बोलावं लागतंच. पण मग बोलणं सभ्य व्हायचं. "दूध संपलेलं दिसतंय." "कोणाला चहा हवा असल्यास पातेल्यात आहे, कृपया घ्यावा." आणि हे एकमेकांना सांगायचं नाही, कपाटाला नाहीतर खिडकीला सांगायचं. असलं बोलणं हिशेबात धरायचं नाही असा नियम होता. अबोला मोडायचा तो ओरडण्यानं. आधी ओरडेल तो हरला.

म्हणून दुसऱ्याला ओरडायला लावायचं. ती माझी पत्रा कापायची कातरी घेऊन माझ्यादेखत कोथिंबीर कापायची. मी ओला टॉवेल तिच्या उशीवर टाकायचो. तिचा हुकमी डाव म्हणजे ताट. मी जरा डुलकी घेतोय असं दिसलं की फरशीवर ताट सोडून द्यायची. मी दचकून बोंबललो की ती जिंकली. मग दोघंही तासभर घसा फोडून बोलत बसायचो, राहिलेलं सगळं. भोंगा या काळात आमची पोस्टमन. "बाबा, आईनं सांगितलंय, काही लोकांना म्हणावं जेवायला या." तिला गंमत वाटते असं आम्हाला वाटायचं.

तर वर्ग.

भिंतींना हसऱ्या मुलांची चित्रं होती. खाली सतरंजी, आणि आम्हाला बसायला बालवाडीतल्या खुर्च्या, गुडघे कानाला लागतील अशा. औषधाच्या दुकानातलं एक जोडपं यायचं, ते सगळं लिहून घ्यायचं. बसचालकाला जुळे होते. बायकोनं त्याला पाठवलं होतं. तो म्हणायचा, "मला काय, बसायला मिळतं. तेही स्टिअरिंगशिवाय."

हळूबाई प्रत्येकाला मुलाच्या नात्यानं हाक मारायची. मला नुसतं "बाबा". माझ्याहून वयानं लहान होती. तिनं आम्हाला शिकवलं की मुलाला रागावण्याआधी त्याच्या भावनेला नाव द्यावं. चांगलं वागलं की लगेच कौतुक करावं. दोन पर्याय द्यावेत, निळा सदरा की पांढरा. मी ऐकत होतो. पांढरा सदरा फेकून मारला तर काय करायचं, ते ती सांगत नव्हती.

मग एका शनिवारी तिनं दुर्लक्ष शिकवलं.

"मूल लक्ष वेधायला आरडाओरडा करतं," ती म्हणाली, इतक्या हळू की खालची वजनं आपटली तेव्हा निम्मं वाक्य गेलं. "त्या वेळी पाठ फिरवायची. बघायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. फक्त एक वाक्य, शांत आवाजात. 'तू शांत झालीस की आपण बोलू.' बस."

"आणि मी ओरडलो तर?"

"ओरडणं हे तिच्यासाठी बक्षीस आहे, बाबा. तुम्ही ओरडावं म्हणूनच ती फेकते."

हे तिचं अक्षरशः खरं होतं. किती खरं होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं. त्यामुळे माझा तिच्यावरचा राग कमी झाला असं मात्र नाही.

"आधी वाढेल," ती म्हणाली. "ते चांगलं लक्षण असतं. मग आपोआप विझेल."

"आणि तोवर घर जळालं तर?"

औषधवाली बाई वहीतून मान वर काढून माझ्याकडे बघायला लागली. हळूबाई हसली. तिला राग यायचाच नाही. मला वाटतं मी तिथं जाऊन बसायचो त्यातला अर्धा वेळ तिला राग यावा म्हणूनच बोलायचो.

मग सराव. मी मूल व्हायचं आणि बसचालकानं बाबा. मी सतरंजीवर आडवा पडलो आणि ओरडलो. खरंच ओरडलो, बरं वाटलं. खाली व्यायामशाळेत वजनं थांबली. बसचालक खिडकीतून बाहेर बघत उभा.

"फार छान दुर्लक्ष," हळूबाई त्याला म्हणाली.

"सवय आहे बाई," तो म्हणाला. "दिवसभर मागून लोक ओरडतात, थांबव, थांबव. मी ऐकतो का?"

घरी मी ते केलं. मनाविरुद्ध केलं, पण नीट केलं, कारण सासूबाईंची रिकामी बॅग डोळ्यांपुढे होती. त्या संध्याकाळी भोंग्यानं जेवता जेवता ताट उचललं, माझ्याकडे बघितलं, आणि फरशीवर सोडलं. मी उठलो, भांडी घासायच्या जागी गेलो, तिच्याकडे पाठ केली आणि हळूबाईच्या आवाजात म्हणालो, "तू शांत झालीस की आपण बोलू."



"काय म्हणालास?" तिनं विचारलं.

"तू शांत झालीस की आपण बोलू."

मग तिनं पेला फेकला. मग तांब्या. मग डबे, एकेक झाकण वेगळं. मी नळ सोडून स्वच्छ पातेलं पुन्हा घासत होतो. ती पाठीमागे येऊन माझा सदरा ओढायला लागली. "ओरड ना! बाबा, ओरड! ओरड ना रे!" मला वाटलं पोर माझी चेष्टा करतेय. जबडा घट्ट मिटून मी पातेलं घासत राहिलो. भिंतीपलीकडून शेजाऱ्यानं ठोकलं, त्यालाही उत्तर दिलं नाही.

असं काही दिवस चाललं. वाढलं, हळूबाई म्हणाली होती तसं. एका शनिवारी मी मनगटावरचा दाताचा वण तिला दाखवला. तिनं वण बघून मान डोलावली, कारागिरानं दुसऱ्याच्या कामाकडे बघून डोलवावी तशी. "शिखर आलंय, बाबा. आता सोडू नका."

आणि मग खरंच विझलं. एके दिवशी भोंग्यानं ताट उचललं, माझ्याकडे बघितलं, मी पाठ फिरवली, आणि आवाज आलाच नाही. वळून बघितलं तर ताट धुवायच्या जागी नीट ठेवलेलं. मी शिकवल्याप्रमाणे लगेच म्हणालो, "तू ताट जागेवर ठेवलंस, मला आवडलं." हळू आवाजात. तिनं मान हलवली आणि आत गेली.

शाळेतून निरोप आला की पोरगी एकदम बदलली. बसायला सांगितलं की बसते. वर्गात हळूबाईनं सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या, त्याही हळू. औषधाच्या दुकानवाल्यानं विचारलं, "तुम्ही नेमकं काय केलंत?" सासूबाईंचा फोन आला. "ऐकलं मी. सुधारतेय म्हणे." आवाजात थोडी निराशा होती. मी म्हणालो, "हो. बॅग आणायचे कष्ट घेऊ नका." खोटं कशाला बोलू, ते म्हणताना मला फार बरं वाटलं.

पण घर नको वाटायला लागलं. मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा. भोंगा कोपऱ्यात बसून चित्रं रंगवायची. विचारलं तर हो, नाही. मी कारखान्यात उगीचच जादा वेळ थांबायला लागलो, तिथं निदान आवाज होता.

शेवटच्या शनिवारच्या आदल्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. भोंगा कपाटासमोर उभी होती, वेणीचं रबर हातात. माझ्याकडे पाठ. ती कपाटाला म्हणाली, "कपाटा, त्यांना सांग, रबर तुटलंय. दुसरं असल्यास कृपया द्यावं."

माझा हात थांबला. पोरगी सुधारली नव्हती. पोरगी माझ्याशी अबोला धरून होती. आणि का धरणार नाही? आमच्या घरात हळू आवाजात, नीट, सभ्य बोलणं म्हणजे दुसरं काय असतं? एवढे दिवस मी तिच्याकडे पाठ करून तेच बोलत होतो. अबोला मी सुरू केला होता. ती ताटं टाकून टाकून मला ओरडायला लावत होती, आईसारखं. मी काही ओरडलो नाही. मग तिनंही तोंड बंद केलं.

तिथल्या तिथं ओरडायला हवं होतं. "भोंग्या!" एवढं जरी ओरडलो असतो तरी झालं असतं. पण मग ती बोलायला लागली असती, तिच्या आवाजात, राहिलेलं सगळं, आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई येणार होत्या. मी विचार केला, एवढा शनिवार जाऊ दे. संध्याकाळी घरी येऊ आणि मी बोंबलेन. हवं तेवढं बोंबलेन. एका दिवसानं काय होतंय?

मी तिला दुसरं रबर दिलं. "घे बाळा," म्हणालो. हळू.

शनिवारी सासूबाई सकाळच्या गाडीनं आल्या. बॅग आणली होती. खोलीत मुलं होती म्हणून जरा हालचाल होती, पण मुलंही सतरंजीवर शहाण्यासारखी बसलेली. हळूबाई मधोमध मांडी घालून बसली, हातात कापडी बाहुली. बाहुली ज्याच्या हातात असेल त्यानं बोलायचं.

"घरी काय बदललं, ते सांगायचं," ती मुलांना म्हणाली.

बसचालकाच्या जुळ्यांपैकी एक म्हणाला, "बाबा आता दार आपटत नाही."

"वा! कसं काय जमलं बाबांना?"

"दार काढून ठेवलंय," दुसरा म्हणाला.

सगळे हसले, हळूबाई सुद्धा. बसचालक मला म्हणाला, "बिजागऱ्याच गेल्या होत्या, आपटून आपटून." पण त्याची पोरं त्याच्या पाठीवर चढून बसली होती. त्याच्या घरात हा वर्ग चालला, हे मला कबूल आहे.

मग बाहुली भोंग्याकडे आली. सासूबाई मागे भिंतीला टेकून, बॅग मांडीवर.

"आणि आपली ही मुलगी," हळूबाई आम्हा सगळ्यांना म्हणाली. "हिचे बाबा सर्वात जास्त शंका काढायचे. आणि बघा, ही किती शांत झालीये. बाळा, तूच सांग, घरी काय बदललं?"

भोंग्यानं बाहुलीकडे बघितलं. मग बाहुलीला म्हणाली, "त्यांना सांग, खेळ पुरे."

"कोणाला, बाळा?"

"त्यांना." तिनं माझ्याकडे बोट केलं. मग तिनं बाहुली टाकली, उभी राहिली, आणि ओरडली. खिडकीची काच थरथरली असं मी म्हणालो तर अतिशयोक्ती होईल, पण खालची वजनं थांबली.

"हरले! मी हरले! मीच आधी ओरडले! आता बोल ना माझ्याशी!"

औषधवाल्यांच्या मुलानं कानांवर हात ठेवले. हळूबाईनं माझ्याकडे बघून तळहात खाली दाबला, म्हणजे पाठ फिरवा. मी पाठ फिरवली नाही. उठत होतो, तेवढ्यात भोंगा माझ्याकडे न येता मागे आजीकडे धावली.

"आजी, चल. ने मला. आईला पण सांगते मी हरले म्हणून."

सासूबाई म्हणाल्या, "बाळा, आई गेली ना. सांगितलंय ना तुला?"

"माहितीये. तुझ्याकडे गेली." पोर आता ओरडत नव्हती, घाईनं समजावून सांगत होती. "तिचं डोकं दुखत होतं आणि मी ओरडत होते, म्हणून. दवाखान्यात तूच म्हणालीस, आई बोलत नाही. मग म्हणालीस, गेली. ती म्हणायचीच, जाते मी माझ्या आईकडे. मी तिकडे येते आणि हरले सांगते. मग बोलेल ना ती?"

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

दवाखान्याच्या दाराशी पोरीला त्यांनीच सांभाळलं होतं. मी आत होतो. नळी घातलेल्या बाईबद्दल पोरीला आणखी काय सांगणार? आई बोलत नाही, घरी चल. पोरीला शेवटचं दाखवायचं नाही हेही त्यांनीच ठरवलं, आणि मी मान डोलावली. नंतर मी विचारलं होतं, तिला सांगितलंत का? त्या म्हणाल्या, सांगितलं. आणि त्यांनी सांगितलंच होतं. गेली म्हणून. आम्ही सगळेच तसं म्हणत होतो. मीही. वर लिहिलंय तसंच.

मी सतरंजी ओलांडून गेलो. गुडघ्यावर बसलो. मला हळू बोलता आलं असतं.

"आई मेली," मी म्हणालो. कारखान्यात बोलतो त्या आवाजात. "रुसली नाही. कुठं गेली नाही. ती मेली, भोंग्या."

"मेली म्हणू नका माझ्या मुलीला!" सासूबाई ओरडल्या. बॅग खाली पडली. बायकोचा आवाज कुठून आला होता ते त्या खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं. "जनावरं मरतात! जीभ झडत नाही तुमची? माझ्या पोरीला, माझ्यासमोर!"

"मग काय म्हणू? तुम्ही गेली म्हणालात, ती तुमच्या घरात तिला शोधायला निघालीये!"

"तुम्ही कुठं होता सांगायला? बाप ना तुम्ही?"

"बाबा, आजी," हळूबाई उभी राहून म्हणाली, "आपण मुलांसमोर आवाज जरा..."

"बाई, तुम्ही गप्प बसा," मी म्हणालो.

तिचा चेहरा पडला. "मला हे कोणीच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "तिला माहीत नाहीये, हे मला कोणी..." तिचा आवाज पहिल्यांदाच वर गेला होता. पण तिच्याकडे बघायला मला वेळ नव्हता, आणि आजही नाही.

भोंगा माझ्याकडे बघत नव्हती. ती आजीच्या चेहऱ्याकडे बघत होती. मी खोटं बोलू शकतो, हे तिला माहीत होतं. अबोल्यात सगळे डाव चालतात.

"आजी," ती म्हणाली. "मेली?"

सासूबाईंनी भिंतीला हात लावला. मला वाटलं त्या आता काहीतरी गोड सांगतील, आणि सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथं त्यांना काहीही बोललो असतो. त्यांनी पोरीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हो."

"तुझ्या घरी नाहीये?"

"नाही."

"मग मी कशाला येऊ तुझ्याकडे?" भोंगा म्हणाली.

यापेक्षा वाईट मी सासूबाईंना आयुष्यात बोललो नव्हतो, आणि मी बरंच बोललो होतो. त्यांनी बॅग उचलली. धूळ नव्हती तरी झटकली. "नको येऊस," त्या म्हणाल्या, आणि जिन्यानं खाली गेल्या, कठड्याला धरून, एकेक पायरी. मी हाक मारली नाही. तेव्हा मला त्यांच्याबद्दल काही वाटलं नाही, मी दुसरीकडे अडकलो होतो. कारण भोंग्यानं मला मारायला सुरुवात केली होती. मुठींनी, पोटावर, जमेल तिथं. "तू का नाही सांगितलंस? तू का नाही सांगितलंस?" मी म्हणालो, "मार." तिनं मारलं. बसचालकानं आपल्या जुळ्यांना बाहेर नेलं, मग औषधवाले गेले. जाताना त्या बाईनं दार अगदी हळूच ओढून घेतलं.

वर्ग पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मला मिळालं नाही आणि मी मागितलंही नाही. सोमवारी मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो आणि झालेलं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बघू. त्यांचं बघू म्हणजे काय ते अजून मला कळलेलं नाही. भोंगा तूर्त शाळेत जाते. कोणाचा कान चावल्याची तक्रार नाही, पण शांत झाली असंही आता कोणी म्हणत नाही. फेकते अजून. मात्र फेकून माझ्याकडे बघत नाही, रडते. ती खरीच वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यावर काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

त्या शनिवारनंतर काही दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. मी स्वयंपाक करत होतो. आत भोंगा आईच्या साड्यांच्या कप्प्यापुढे बसून गळा काढून रडत होती. तिनं तो स्वतःच उघडला होता.

"जेवली का?" सासूबाई म्हणाल्या. नमस्कार वगैरे नाही.

"अजून नाही."

"एवढा वेळ?"

"माझे हात दोनच आहेत."

"तेही ठोकण्यात जातात." मग त्या थांबल्या. "हे कोण ओरडतंय? तीच का?"

"हो."

"मारलंत तुम्ही तिला?"

"नाही. आईसाठी रडतेय."

कढईतून वास यायला लागला. मी म्हणालो, "ठेवतो. भाजी करपेल."

"करपू द्या," सासूबाई म्हणाल्या. "ठेवू नका. तिच्या दाराशी नेऊन धरा फोन."

मी गॅस बंद केला आणि फोन घेऊन आत गेलो.